फोर्टमध्ये भूक लागली तर? जुन्या मुंबईत खायचं कुठे आणि ही हॉटेलं तिथेच का आहेत

मंत्रालयात फाईल अडकलीय, हायकोर्टात तारीख आहे किंवा पाहुण्यांना गेट वे दाखवायचाय. कारण काहीही असो, माणूस सीएसएमटीला किंवा चर्चगेटला उतरतो आणि दुपारी एकच्या सुमारास त्याला एक प्रश्न पडतो: इथे जेवायचं कुठे? मोबाईलवर शोधलं की पहिल्या दहा नावांत निम्मी अशी निघतात, जिथे दोघांच्या बिलात गावाकडचं आठवड्याचं किराणा सामान येईल. बाकीची नावं रील बघून ओळखीची झालेली असतात आणि तिथे बाहेर रांग असते.

खरं तर फोर्ट हा मुंबईतला पोटासाठी सगळ्यात सोयीचा भाग आहे. एका किलोमीटरच्या आत इराणी चहा, पारशी धानसाक, मंगलोरी गस्सी, केळीच्या पानावरचं मल्याळी जेवण आणि पुरीभाजी मिळते. फक्त काय, कुठे आणि किती वाजता, हे माहीत असावं लागतं.

आधी नकाशा. फोर्ट म्हणजे इंग्रजांच्या किल्ल्याच्या आतलं शहर. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तटबंदी पाडली गेली, नाव मात्र राहिलं. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा म्हणजे चर्चगेट. दरवाजा गेला, स्टेशनला नाव देऊन गेला. आज उत्तरेला सीएसएमटी, पूर्वेला बॅलार्ड इस्टेट, दक्षिणेला काळा घोडा आणि पश्चिमेला ओव्हल मैदान एवढा भाग साधारण फोर्ट धरला जातो. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोची अॅक्वा लाईनही इथपर्यंत आली आहे. हुतात्मा चौक स्टेशनवर उतरलं तर पुढे सांगितलेली बहुतेक ठिकाणं चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत येतात.

स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या

सीएसएमटीसमोर कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीत 'आराम' आहे. १९३९ पासूनचं हे दुकान वडापावसाठी ओळखलं जातं. गाडी पकडायला पाच मिनिटं असतील तर उभ्या उभ्या खाण्याची हीच जागा. महापालिकेच्या बाजूला 'कॅनन'ची पावभाजी. तिथे लोणी किती घालायचं याबाबत गिऱ्हाईकाचं मत फारसं विचारात घेतलं जात नाही.

आणि थोडं पुढे, पेरीन नरिमन स्ट्रीटवर, म्हणजे जुन्या बाजारगेट स्ट्रीटवर, 'पंचम पुरीवाला'. हे दुकान १८४० च्या दशकातलं आहे, असं मालकांचं कुटुंब सांगतं. तसं असेल तर ते रेल्वेहूनही जुनं ठरतं, कारण बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती १८५३ मध्ये. कागदोपत्री पुराव्याच्या भानगडीत न पडता एवढं म्हणता येईल, की मोठं सामान घेऊन लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरलेला माणूस आणि गरम पुरीभाजी हे नातं इथे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आजही खिशात थोडेच पैसे असतील आणि पोटभर बसून खायचं असेल, तर फोर्टमधलं पहिलं उत्तर हेच.

इराणी: चहा स्वस्त का असतो?

फोर्ट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर संगमरवरी टेबल, काळ्या लाकडाच्या खुर्च्या आणि काचेच्या बरणीतली बिस्किटं येतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून इराणच्या यझ्द आणि केरमान भागातून आलेल्या झरथुष्ट्री लोकांनी ही हॉटेलं काढली. पारशी त्यांच्या कितीतरी शतकं आधी भारतात आले होते. धर्म एकच, पण येण्याचा काळ वेगळा, म्हणून 'इराणी' आणि 'पारशी' असे दोन शब्द.

इराण्याचं हॉटेल नेहमी कोपऱ्यावरच का? कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती खरी असेल किंवा नसेल, पण दोन रस्त्यांवर दोन दरवाजे, भरपूर उजेड आणि दोन्हीकडून येणारं गिऱ्हाईक हा फायदा समजायला शकुन-अपशकुनाची गरज नाही.

फोर्टमधली इराणी चव घ्यायची तर कावसजी पटेल स्ट्रीटवरची 'यझदानी बेकरी' गाठावी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सुरू झाली आणि त्याआधी या वास्तूत एक जपानी बँक होती. इथे मागायचं ते ब्रुन मस्का आणि चहा. ब्रुन म्हणजे बाहेरून कडक, आतून मऊ असा पाव. नुसता चावला तर टाळूला लागतो, त्यामुळे चहात बुडवूनच खायचा. आजूबाजूचे सगळे तेच करत असतात. चहा कडक हवा असेल तर 'पानी कम' म्हणायचं. मेट्रो सिनेमासमोरचं 'कयानी' (१९०४) थोडं लांब, धोबीतलावला आहे, पण मावा केक आणि खिमा पाव यासाठी तेवढं चालायला हरकत नाही. नगीनदास मास्टर रोडवरचं 'मिलिटरी कॅफे' १९३३ पासूनचं. तिथे खिमा आणि सल्ली बोटीबरोबर बिअरही मिळते. त्यामुळे दुपारी तिथे वकील, पत्रकार आणि शेअर बाजारातली मंडळी एकाच वेळी दिसतात.

आता प्रश्न असा, की शहरातल्या सगळ्यात महागड्या जमिनीवर बसून ही मंडळी चहा-पाव इतक्या कमी पैशांत कसा देतात? उत्तर चहात नाही, भाड्यात आहे. फोर्टमधल्या अनेक जुन्या इमारती पागडीच्या आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानेही जुन्या भाडेकरूंना मोठ्या प्रमाणात संरक्षण दिलं. भाडं नाममात्र असल्यामुळे एका चहावर तासभर बसणारं गिऱ्हाईक परवडतं. पण याच व्यवस्थेत मालकाला इमारत दुरुस्त करण्यात रस राहत नाही, इमारत खचत जाते आणि पुनर्विकासाची वेळ आली की नव्या भाड्यात तो चहा बसत नाही. पुढच्या पिढीला गल्ल्यावर बसायचं नसेल तर मग विषयच संपतो. इराणी हॉटेल बंद झालं की 'नव्या पिढीला चव नाही' असं म्हणणं सोपं असतं. पण गिऱ्हाईक शेवटच्या दिवसापर्यंत येतच असतं.

यात आणखी एक घडामोड आहे. हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. भट्टीत जळतं ते बऱ्याचदा भंगारातलं, रंग-पॉलिश लागलेलं लाकूड, आणि त्याचा धूर आसपासच्या घरांत जातो. त्यामुळे आदेश अकारण नाही. बेकरीवाल्यांची अडचणही तितकीच खरी. विटांची भट्टी तापली की तासन् तास उष्णता धरून ठेवते, पावाचं कडक कवच त्यातूनच येतं. नवी भट्टी, गॅसची जोडणी, अपुरी जागा यांचा खर्च शेवटी लादीपावाच्या किमतीत येतो. आणि लादीपाव हे रीलमधलं खाणं नाही. वडापावपासून खिमा पावापर्यंत या शहरातलं सगळं स्वस्त जेवण त्याच्यावर उभं आहे.

पारशी जेवण आणि बॅलार्ड इस्टेटचे कोहिनूर

चहा-पाव इराण्याकडे, पण पूर्ण जेवण पारशी पद्धतीचं हवं असेल तर तीन नावं. पहिलं अर्थातच बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया अँड कंपनी', १९२३ पासूनचं. इथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. त्यातली लालसर आंबट फळं म्हणजे झरेश्क, ती इराणहून येतात. हा पदार्थ पहिल्यापासून इथे होता असा अनेकांचा समज असतो, पण तो मेन्यूवर आला १९८० च्या दशकात, मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नी बचन यांच्यामुळे. बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घ्यायचे आणि ब्रिटिश राजघराण्यावरचं प्रेम लपवायचे नाहीत. २०१६ मध्ये प्रिन्स विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा त्यांची भेटही झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये, ९७ व्या वर्षी ते गेले. हॉटेल सुरू आहे. ब्रिटानिया हे कायम दुपारच्या जेवणाचं ठिकाण राहिलं आहे, त्यामुळे रात्री जाण्याचा बेत करू नये.

दुसरं हॉर्निमन सर्कलजवळचं 'जिमी बॉय'. इथे 'लगन नू भोनू', म्हणजे पारशी लग्नातलं जेवण मिळतं: केळीच्या पानात वाफवलेली पात्रा नी मच्छी, सल्ली, पुलाव-दाळ. पारशी मित्राच्या लग्नाचं आमंत्रण नसेल तर हा सोपा मार्ग. तिसरं गनबो स्ट्रीटवरचं 'आयडियल कॉर्नर', आकाराने लहान आणि वारानुसार पदार्थ बदलणारं.

धानसाकबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. डाळ, भाज्या आणि मटण एकत्र शिजवलेला हा पदार्थ पारशी घरात रविवारी होतो, आणि घरात कुणी गेल्यावर चौथ्या दिवशीही. त्यामुळे सणावाराला किंवा शुभकार्याला तो करत नाहीत. नवीन नोकरीची पार्टी धानसाकवर दिली तर जेवायला आलेला पारशी सहकारी काही बोलणार नाही, पण हसेल नक्की.

बाजूला पालनजीचा रास्पबेरी सोडा हवाच. ही कंपनी १८६५ पासूनची. रंग भडक, चव गोड. आवडेल न आवडेल, पण हे जेवण त्याच्याशिवाय अर्धं वाटतं.

मासे: मंगलोरी जास्त, मालवणी कमी

मुंबईत समुद्र, कोळीवाडे, निम्मं कोकण मुंबईत. तरी फोर्टमधली माशांची नावाजलेली हॉटेलं मंगलोरी का? दक्षिण कन्नड आणि उडुपी भागातून आलेल्या तरुणांची मोठी फळी विसाव्या शतकात मुंबईच्या हॉटेलांत कामाला लागली. कित्येक जण दिवसा कपबशा विसळायचे आणि रात्री फोर्टातल्या कन्नड रात्रशाळेत जायचे. त्यांच्यातलेच काही पुढे मालक झाले. सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणजे ऑफिसात काम करणारे गाववाले, म्हणून 'लंच होम' हे नाव.

कावसजी पटेल स्ट्रीटवरचं 'महेश लंच होम' १९७० च्या दशकात असंच सुरू झालं. हॉर्निमन सर्कलजवळ 'अपूर्वा' आहे आणि काळा घोड्याच्या गल्लीत 'तृष्णा', जिथला लोणी-मिरी-लसणातला खेकडा परदेशी पाहुण्यांपर्यंत पोचलाय. पहिल्यांदा जाणाऱ्याने खेकड्याच्या मागे न लागता गस्सी आणि नीर डोसा मागवावा. नारळ आणि ब्याडगी मिरचीची गस्सी दाट असते, नीर डोसा पातळ आणि मऊ. दोघांचं चांगलं जमतं. मेन्यूवर 'काणे' दिसलं तर घाबरू नका, ती आपली मुडदुशी. खेकडा किंवा मोठा मासा घेणार असाल तर भाव आधी विचारा. मेन्यूवर किमतीच्या जागी 'आकारानुसार' लिहिलेलं असतं आणि वाद होतो तो बिल आल्यावर. जून-जुलैत राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नये.

मालवणी-गोवन चव हवी असेल तर गनबो स्ट्रीटलाच 'प्रदीप गोमांतक' आहे. थाळी, तळलेला मासा, सोलकढी. दुपारी टेबल वाटून घ्यावं लागतं, समोर अनोळखी माणूस बसतो आणि दोघंही मान खाली घालून जेवतात.

पिठा स्ट्रीटचा उल्लेख राहिला. या अरुंद गल्लीत 'डिलक्स' आणि आसपास मल्याळी जेवण मिळतं: केळीचं पान, उकडा तांदूळ, सांबार, भाज्या, वर मासळीची आमटी किंवा फ्राय. भात मागाल तितका. फोर्टमध्ये पैशांच्या मानाने सगळ्यात जास्त पोट कुठे भरतं, यावर मतभेद होऊ शकतात, पण या गल्लीचं नाव पहिल्या दोनांत येईल.

आणि मराठी जेवण?

इथे गाडी अडते. मराठी राज्याच्या राजधानीच्या ऐन मध्यभागी पिठलं-भाकरी, भरली वांगी, आमटी-भात असं साधं जेवण देणारी जागा शोधावी लागते. मराठी माणूस इथे नव्हता असं नाही. तो कारकून, शिपाई, वकील, टायपिस्ट म्हणून रोज हजारोंनी येत होता. पण तो डबा घेऊन यायचा. १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था मुख्यतः याच ऑफिसांसाठी उभी राहिली. आजही अकरा-साडेअकराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनबाहेर डबे उतरवून लावताना दिसतात. खानावळी निघाल्या त्या गिरगावात आणि गिरणगावात, जिथे एकटा राहणारा कामगार होता. घरून डबा येणाऱ्याला खानावळ लागत नाही.

सरकारने एकदा प्रयत्न केला होता. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकरीची योजना आणली, मोक्याच्या जागी केंद्रं दिली. योजना पुढे गुंडाळली गेली, आणि अनेक केंद्रांत भाकरीच्या जागी चायनीज आणि सँडविच आलं. गावाकडून मंत्रालयात आलेल्या माणसाची सोय त्यामुळे बरीचशी आमदार निवासाच्या कँटीनवर किंवा बाहेरच्या टपरीवर असते. सामान्य अभ्यागतांना मंत्रालयात दुपारी प्रवेश मिळतो, तेव्हा जेवण आधीच उरकलेलं बरं.

बसून, शांतपणे थाळी हवी असेल तर काळा घोड्याला 'चेतना' आहे, १९४६ पासूनचं शाकाहारी उपाहारगृह. गुजराती-राजस्थानीबरोबर महाराष्ट्रीय थाळीही इथे मिळते. याच चेतनाने १९७३ मध्ये निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचं इंग्रजी पुस्तक छापलं. गिरगावात विडीचं दुकान चालवणारा हा मराठी माणूस त्या पुस्तकामुळे जगभर पोचला.

काळा घोडा, घोड्याशिवाय

घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, तो १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत नेला. सध्या दिसतो तो २०१७ चा, स्वार नसलेला. इथल्या 'वेसाईड इन' मध्ये कवी अरुण कोलटकर वर्षानुवर्षं दर गुरुवारी मित्रांबरोबर बसत. खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावरच्या माणसांवरच्या त्यांच्या इंग्रजी कविता २००४ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्यात एक दीर्घ कविता फुटपाथवरच्या लोकांच्या इडलीच्या न्याहारीवर आहे. वेसाईड इन आता नाही. जहांगीर आर्ट गॅलरीतलं 'समोवार', १९६४ पासून चित्रकारांचा अड्डा, तेही मार्च २०१५ मध्ये बंद झालं. आज या गल्ल्यांत कॉफी उत्तम मिळते, फक्त एका कपाच्या पैशांत पिठा स्ट्रीटला जेवण होतं.

उभ्याने खायचं तर शेअर बाजारामागच्या आणि नगीनदास मास्टर रोडच्या आसपासच्या गल्ल्या बघा. टोस्ट सँडविच, डोसा, फळांच्या डिश, कटिंग. मागच्या बाजूला प्रत्येक फेरीवाल्याचा डोळा महापालिकेच्या गाडीवर असतो. फेरीवाला कायदा २०१४ चा, पण त्यातल्या नगर पथविक्रेता समितीची मुंबईतली निवडणूक व्हायलाच २०२४ उजाडलं.

बिल आणि बाटली

बिलावर 'सेवा शुल्क' लावलेलं असेल तर ते देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. ते काढून टाकायला सांगता येतं. वेटरला टीप द्यायची असेल तर हातात द्या.

'परमिट रूम' ही पाटी पाहून नव्या माणसाला प्रश्न पडतो. १९४९ चा दारूबंदी कायदा राज्यात आजही लागू आहे, आणि कागदोपत्री दारू पिण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना पाच रुपयांचा. वय मात्र गंमत म्हणून सोडू नका: बिअरसाठी २१, कडक दारूसाठी २५ पूर्ण. दारू नको असेल तर चर्चगेटला के. रुस्तमकडे दोन वेफरच्या मधली आईस्क्रीमची चौकोनी वडी घ्या, लवकर खा, नाहीतर कोपरापर्यंत येते.

जायचं कधी? फोर्टची भूक ऑफिसच्या वेळापत्रकावर चालते. एक ते दोन गर्दी, अडीचला बरं. संध्याकाळी सातनंतर बऱ्याच गल्ल्या सामसूम, रविवारी कित्येक ठिकाणी शटर. आणि हे वेळापत्रकही बदलतंय. बँका आणि कंपन्यांची मुख्यालयं बीकेसी, लोअर परळकडे सरकली. हायकोर्टाच्या वांद्रे पूर्वेतल्या नव्या संकुलाचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. कोर्ट हललं की वकील, कारकून, पक्षकार असं दुपारचं खात्रीचं गिऱ्हाईकही हलणार. लंच होमवाल्यांनी शनिवार-रविवारी कॅमेरा घेऊन येणाऱ्यांवर भिस्त ठेवायला सुरुवात केलीच आहे. शनिवारी जाणार असाल तर बाराच्या ठोक्याला पोचा. तीननंतर स्वयंपाकघर आवरायला लागतं, आणि मग मेन्यूवर बोट ठेवाल त्याला एकच उत्तर मिळतं: 'संपलं'.